कोटावरचं पांढरं फूल

नंदाखाल,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय वसू,

कॉन्व्हेंट सुटल्यावर आपण दोघी नाक्यावर एसटीची वाट बघत उभ्या असायचो, तेव्हा समोरच्या पानवाल्याकडे ट्रान्झिस्टर लागलेला असायचा. सायकलवरून जाणारे बाप्ये आपल्याला विचारायचे, "स्कोअर काय झाला गं?" आणि तू चिंच चोखता चोखता अगदी गंभीर चेहऱ्याने कुठलाही आकडा ठोकून द्यायचीस. कुणी खूश होऊन जोरात पायडल मारायचा, कुणी कपाळाला हात लावायचा. सिस्टरच्या कानावर जाईल म्हणून मी घाबरायची आणि तू म्हणायचीस, "त्यांना आकडा हवा होता, मी दिला." क्रिकेटमधलं मला तेव्हा काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण या आठवड्यात क्रिकेटवेडी माणसं माझ्याभोवती गोळा होऊन मला काय काय सांगताहेत, आणि मला कशाचाच मेळ लागत नाही.

माझ्या मार्थाचा ॲल्रॉय गेला.

मार्था म्हणजे गासची माझी मावसबहीण. तिच्या लग्नात तू लाल साडी नेसून आली होतीस आणि बँडवाले तुलाच करवली समजून तुझ्यासमोर वाजवत राहिले होते. ॲल्रॉय तिचा एकुलता एक. नवरा रिचर्ड गेल्यापासून घरात ती दोघंच. बाप्तिस्म्याला मीच त्याला हातांवर घेतलं होतं, मी त्याची धर्ममाता. त्याला आत्ता चोविसावं लागलं होतं.

रविवारी विरारच्या एका मैदानावर टेनिस बॉलची टुर्नामेंट होती. तो तुमच्या तुळिंजच्या साईदत्त संघाकडून खेळायचा. त्याने आपली ओव्हर टाकली, डाव संपल्यावर सीमारेषेबाहेर आला, पाणी प्यायला आणि गवतावर आडवा झाला. सगळ्यांना वाटलं, विसावा घेतोय. त्याचा कप्तान सुरज त्याला बॅटिंगसाठी उठवायला गेला तर तो उठेना. डॉक्टर म्हणाले, हृदय. कसलं हृदय, वसू? शेतातून केळीचे लोंगर दोन दोन खांद्यांवर घेऊन येणारा मुलगा तो. कुणी म्हणतं ऊन, कुणी म्हणतं ती जिमवाल्यांची डब्यातली पावडर, कुणी म्हणतं नजर. मार्था प्रत्येकाचं ऐकते आणि प्रत्येकाला विचारते, "मग मी काय करायला हवं होतं?"

आणि माणसं किती आली म्हणून सांगू. गासच्या चर्चच्या आवारात मुंगीला जागा नव्हती. सगळी तरुण पोरं, अंगात निळे टी-शर्ट, छातीवर साईदत्त आणि पाठीवर आमच्या मुलाचं नाव. चपला बाहेर काढून आत आली. हातांत झेंडूचे हार. कुठे उभं राहायचं, कधी बसायचं, काही कळत नव्हतं त्यांना, आम्ही उठलो की उठायची. एका मुलाने मला हळूच विचारलं, "आजी, पाया कुठल्या बाजूने पडायचं?" मी म्हटलं, कुठूनही पड.

मी त्याला एकदाही खेळताना पाहिलं नाही. ती मुलं ज्या 'आपल्या रॉय'साठी रडत होती तो कोण होता, हेच मला कळेना. मला माहीत होता तो चहात खारी बुडवून विसरणारा. मला थोडा हेवाही वाटला, खरं सांगते.

टाय मीच बांधला त्याचा. गाठ नीट बसली.

कळव काहीतरी. फोन करत नाही, तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही.

तुझी,
फ्लॉसी

तुळिंज,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय फ्लॉसी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

मला यायचं होतं. पण लिफ्ट महिनाभर बंद आहे, चार मजले उतरले तर चढायला मला चौघांनी उचलावं लागेल, आणि सोसायटीत सध्या चौघांचं एकमत कशावरच नाही. म्हणून लिहिते.

इथे काय चाललंय ते सांगते. रिक्षा स्टँडवर त्याचा हा एवढा मोठा फलक लागलाय. सगळ्या रिक्षांच्या काचांवर त्याचं नाव. परवा बाजार दुपारपर्यंत बंद होता, बंद ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. साईदत्तच्या पोरांनी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन डोकी भादरून घेतली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोराने भादरलं तर त्याची आई रडायला लागली, तुझा बाप जिवंत आहे ना रे, म्हणून. तो म्हणाला, "आई, मला दुसरं काय करतात ते माहीत नाही." त्याचंही बरोबर आहे. तो त्यांचा भाऊ नव्हता, शेजारी नव्हता. मग कोण होता, तेही त्यांना सांगता येत नाही.

आमच्या ऋतिकाला ताप आहे. सात-आठ दिवस ऑफिसला गेली नाही. हवा बदललीय, व्हायरल आहे, असं तिची आई, सूनबाई म्हणते.

आणखी एक, सहज विचारते. ॲल्रॉयचं लग्न ठरलं होतं का गं? इथे सगळे तसं म्हणताहेत. असेल तर मुलगी कशी आहे? तिला कोण सांभाळतंय? फार चौकशा करते असं वाटलं तर सोडून दे, पण शक्यतो उत्तर दे.

मार्थाला माझा नमस्कार सांग. लाल साडीवालीचा म्हण.

तुझी,
वसू

नंदाखाल,
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय वसू,

तू पण हेच विचारावंस? रोज कुणीतरी विचारतं. काल चर्चच्या पायऱ्यांवर एक बाई अडवून म्हणाली, खरं का हो? मला वाटलं होतं तू तरी त्यातली नाहीस. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि राग ओसरला. तू विचारलंस तेव्हा काळजीने विचारलं असशील.

तुझ्याशी खोटं कशाला बोलू. होती एक. नाताळात केक कापताना त्याने मार्थाला सांगितलं होतं, ईस्टरला एकीला घरी आणतो, जास्त मसाला घालू नकोस. मार्थाने किती खोदून विचारलं, तो नुसता हसत होता. नाव तेवढं विचारू नकोस, वसू. ते सांगणं माझ्या हातात नाही.

मुलगी कशी आहे म्हणून विचारलंस. मार्था दिवसभर दुसरा विचारच करत नाही. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्या मुलीचंच बोलते. तिने काही खाल्लं असेल का, तिला झोप लागत असेल का. मी म्हटलं, तू आधी खा. तर म्हणते, माझं वय झालंय, तिचं काय?

गासच्या घरी अजून पोरं येतात. रिकाम्या हाताने येत नाहीत, कुणी नारळ आणतं, कुणी बिस्किटांचे पुडे. ओसरीवर बसतात आणि मार्थाला त्याचे सामने सांगतात. शेवटच्या ओव्हरला अमुक धावा हव्या होत्या आणि त्याने कशा दिल्या नाहीत. मार्थाला त्यातलं अक्षर कळत नाही, पण ती मान डोलावते आणि शेवटी विचारते, "मग जिंकला का?" ती म्हणतात, जिंकला. सगळेच सामने जिंकला होता का गं तो? की तीही मुलं तुझ्यासारखा आकडा ठोकून देतात?

ऋतिकाला पेज दे, वर लिंबाचं लोणचं. ताप आत ठेवू नये.

तुझी,
फ्लॉसी

तुळिंज,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय फ्लॉसी,

आज तुझ्यावर रागावून लिहिते आहे. मेलेल्या मुलावर रागावता येत नाही, म्हणून तुझ्यावर.

ऋतिकाला व्हायरल नव्हता. तुला मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी घरात कुणी नसताना ती माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या कानातलं यंत्र स्वतःच्या हाताने नीट बसवलं आणि त्यात तोंड घालून म्हणाली, "आजी, फ्लॉसी आजीला विचार ना, त्याचं लग्न ठरलं होतं का." त्यावरून मला जे समजायचं ते समजलं.

ती रविवारी टुर्नामेंटना जायची ते तुला माहीत नसेल. मांडवात टेबल टाकून, लॅपटॉप घेऊन सामन्याचा स्कोअर लिहिते. घरी आम्हाला वाटायचं, छंद आहे, चार पैसे मिळतात, जाऊ दे. तिथेच दोघांची ओळख झाली, दोन वर्षं झाली. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तो म्हणायचा, आधी माझ्या आईला सांगतो, मग तुझ्याकडे येतो.

रविवारी तो गवतावर पडला तेव्हा ती मांडवातच होती. पुढच्या डावाची नावं भरत होती. दुसऱ्या दिवशी पोरांबरोबर टेम्पोत बसून गासला आली. तू तिला पाहिलं असशील, ओळखलं नसशील. तिने काय पाहिलं? तो पेटीत नवरदेवासारखा. कोट, टाय, छातीला पांढरं फूल. पुढे बँड. आणि पेटीला धरून बसलेली एक मुलगी, त्याच्या हातावर हात ठेवून रडणारी. सगळी पोरं कुजबुजत होती, वहिनी, वहिनी. पुढच्याच महिन्यात लग्न होतं म्हणे, सूट शिवून तयार होता, तोच घातला. संध्याकाळी त्या मुलीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला, खाली लिहिलेलं, टिफनी वहिनींना देव बळ देवो. त्याला हजारांनी हात जोडले.

तरी तिचा विश्वास बसत नव्हता. मी म्हटलं, फ्लॉसी खरं सांगेल. तुझं पत्र आलं तेव्हा तिनेच फोडलं. 'होती एक.' आणि नाव सांगणं तुझ्या हातात नाही. पत्राची घडी घातली, म्हणाली, "बरं झालं कळलं," आणि जेवायला बसली. दोनदा भात घेतला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली. फ्लॉसी, मला तिच्या तापाची भीती वाटत नव्हती, या जेवणाची वाटते.

साईदत्तची पोरं मैदानावर मेणबत्त्या लावणार होती. त्याने घेतलेल्या विकेट वगैरे ऋतिका वाचून दाखवणार होती. त्यांना म्हणाली, तुमच्या वहिनीला बोलवा. दोन वर्षांत तिने त्याच्या नावावर एक अक्षर वाईट ऐकून घेतलं नसेल, आणि आता त्याचं नाव निघालं की ऐकू येऊ नये म्हणून पंखा जास्त करते.

तो मुलगा असा होता का गं? दोघींना झुलवणारा? तू धर्ममाता त्याची, तुला माहीत असेल. मला खरं तेच लिही, आता गोड नको.

वसुंधरा

नंदाखाल,
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय वसू,

हे स्पीड पोस्टने पाठवते आहे. माझ्या लेकाला, एरॉलला म्हटलं, दुकान नंतर उघड, आधी हे पाठव. पत्र हातात पडताच ऋतिकाला दे. तूही नंतर वाच.

त्याचं लग्न ठरलं नव्हतं.

आमच्या घरांत लग्नाआधी तरुण मुलगा गेला तर त्याला नवरदेव करून पाठवतात. देवाच्या घरी कुणी अर्धवट जाऊ नये, असं माझी आई म्हणायची. तो सूट गेल्या वर्षी नात्यातल्या शॅननच्या लग्नासाठी शिवला होता, खांद्यात जरा घट्टच होता. फूल मार्थाच्या अंगणातलं, गुलाब. मी खोचलं. बँड तर आमच्यात असतोच, तो भजनं वाजवत होता, पण दुरून बँड तो बँड. मी तुला सहज लिहून गेले की टाय मी बांधला. तुला हे ठाऊक नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पन्नास वर्षांची मैत्री आपली, तू आमच्या लग्नांना आलीस, बारशांना आलीस. अशा मरणाला यायची वेळ तुझ्यावर कधी आली नव्हती.

आणि टिफनी म्हणजे मार्थाच्या दिराची, हिलरीची मुलगी. त्याची चुलत बहीण. त्याला सख्खी बहीण नाही म्हणून ती पेटीजवळ बसली होती. त्या फोटोमुळे ती बिचारी कामावर जाताना तोंडाला ओढणी बांधते. अनोळखी मुलं रस्त्यात तिच्या पाया पडतात.

'नाव सांगणं माझ्या हातात नाही' हे मी तोऱ्यात लिहिलं, वसू. नाव आम्हालाच माहीत नव्हतं. मुलाच्या मनात कोण आहे हे आईला माहीत नाही, धर्ममातेला माहीत नाही, हे तुला कळवायला लाज वाटली. मार्था त्या मुलीला शोधत होती. मातीच्या दिवशी तिने प्रत्येक मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. निळ्या टी-शर्टवाल्या गर्दीकडे मात्र पाहिलं नाही. तिला वाटलं, ती आमच्याच कुठल्यातरी गावातली असणार.

आता ऐक. नाताळात त्याने आणखी एक सांगितलं होतं. "आई, जपून वाग तिच्याशी. ती माझा एकसुद्धा वाईड सोडत नाही." मार्थाने मला विचारलं, वाईड म्हणजे काय. मला काय माहीत. मी म्हटलं, काहीतरी थट्टा असेल. तुझं पत्र आलं तेव्हा 'स्कोअर लिहिते' या शब्दांवर मी अडखळले. एरॉलला दुकानातून बोलावलं आणि विचारलं, वाईड म्हणजे काय रे? तो म्हणाला, बॉलर बाहेर बॉल टाकतो तो, स्कोअर लिहिणारा त्याचा एक रन चढवतो. आमच्या दोघींपैकी एकीला क्रिकेट कळत असतं तर ती मुलगी आम्हाला पहिल्याच दिवशी सापडली असती.

मार्थाला अजून सांगितलेलं नाही. सांगू का? मला काही सुचत नाही. तुमच्या घरात त्याचा काय गोंधळ होईल, आमच्या घरात काय होईल, आणि तो नसताना हे सगळं कशासाठी. पण मग मार्था भाताचा घास हातात घेऊन त्या मुलीचं विचारते, आणि मला उत्तर माहीत असून मी गप्प बसते. हे मला फार दिवस जमणार नाही. ऋतिका म्हणेल तसं करीन.

तुझी,
फ्लॉसी

तुळिंज,
२३ फेब्रुवारी २०२५

फ्लॉसी आजी,

मी ऋतिका. मी असं पत्र कधी लिहिलं नाही, चुकलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र मी आधी वाचलं, मग आजीने मोठ्याने वाचलं. तिला ऐकू येत नाही त्यामुळे तिचा आवाज किती असतो तुम्हाला माहितीये. अर्ध्या बिल्डिंगला कळलं. मम्मी-पप्पांनाही तसंच कळलं. मम्मी माझ्या बाजूला येऊन बसली. पप्पा गॅलरीत गेले ते तिथेच उभे राहिले. नंतर म्हणाले, "मी त्याची बॉलिंग बघितलीय. चांगला होता." बस, एवढंच.

मला खूप गोंधळल्यासारखं झालंय. आधी वाटत होतं मी रडू शकत नाही कारण मला हक्क नाही. मग वाटलं तो खोटा होता, मग रडायचंच नाही. आता रडू येतंय पण तीन आठवडे उशिरा येतंय, आणि बाकी सगळ्यांचं रडून झालंय. त्यांची पुढची टुर्नामेंट पण सुरू झाली. सुरज विचारत होता स्कोअरिंगला येणार का. मी त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "मग काय करू सांग ना, घरी बसलो की तो दिसतो." त्याचं पण खरं आहे यार.

सगळ्यात वाईट काय माहितीये? त्या फोटोखाली सगळे वहिनी वहिनी लिहीत होते आणि मी पण हात जोडलेले पाठवले. नाही पाठवले असते तर पोरांना वाटलं असतं, हिला काय झालं.

त्याच्या आईला सांगा. पण तुळिंजला सांगू नका प्लीज. मला सगळ्यांची वहिनी नाही व्हायचं. मला त्याच्या वस्तू पण नकोत, काही मागायला येत नाहीये. मला फक्त गर्दी नसताना तिथे जायचंय. बुधवारी शिवरात्रीची सुट्टी आहे, येऊ का? आणि त्याच्या आईला काय हाक मारू ते पण सांगा.

वाईडचं खरं आहे. तो लय भांडायचा. मी एक पण सोडला नाही.

ऋतिका

गास,
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय वसू,

मार्थाच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. ऋतिका आत आहे. जाताना हे पाकीट तिच्याच हाती देणार आहे, चिकटवून, म्हणजे या वेळी तरी तू पहिली वाचशील. मोठ्याने वाचू नकोस.

एरॉल तिला स्टेशनवरून घेऊन आला. आधी आम्ही तिघी कबरीवर गेलो. पोरांनी तिथे हारांचा ढीग केलाय, खालचे सगळे कुजलेत. ऋतिका बसली आणि कुजलेले हार वेगळे काढू लागली. मार्थाही तिच्याशेजारी बसली. बराच वेळ दोघी तेच करत होत्या, एकमेकींकडे न पाहता. मग मार्थाने विचारलं, "तो तुझ्याशी नीट वागायचा ना?"

मला वाटलं, ही आता रडेल. ती म्हणाली, "जिंकला की खूप नीट. हरला की दोन दिवस फोन उचलायचा नाही."

मार्था हसली, वसू. आवाज करून हसली, आणि म्हणाली, "बापावर गेला." तीन आठवडे पोरं तिला सांगत होती की तो सगळे सामने जिंकला. तो हरायचासुद्धा हे तिला आज पहिल्यांदा कळलं, आणि मला वाटतं, तिला त्याने बरं वाटलं.

घरी येऊन जेवलो. शिवरात्रीचा उपास म्हणून तिच्यासाठी मी रताळी उकडली होती, ती म्हणाली, मी उपास करत नाही, आणि आमच्यातलं बोंबलाचं कालवण घेतलं. मग मी मनात होतं ते विचारून टाकलं. मार्थाला म्हटलं, तो ईस्टरला हिला घेऊन आला असता तर तू हो म्हटलं असतंस? मुलीसमोर विचारायला नको होतं, पण माझ्या पोटात राहीना. मार्था म्हणाली, "मला माहीत नाही, फ्लॉसी. कदाचित भांडले असते. आता हो म्हणणं सोपं आहे." आणि ऋतिकाला म्हणाली, "तुला खोटं सांगत नाही." ऋतिकाने मान डोलावली आणि आणखी कालवण मागितलं. हे कसलं जेवण, कसली भेट, मला अजून नीट कळलेलं नाही. तुला कळलं तर मला कळव.

रविवारी, दोन तारखेला, त्याच्या महिन्याची मिस्सा आहे. सकाळी साडेआठला, गासच्या चर्चमध्ये. साईदत्तची पोरं येणार आहेत. त्याआधी त्याच्या सामानाचं काय करायचं ते मार्थाने ठरवलं आहे. ती सांगते आहे, मी लिहिते आहे. पोरांना निरोप तुझ्याकडून जावा, ऋतिकाकडून नको, ती तसं म्हणाली.

त्याच्या बॅटी सुरजला. पण काचेच्या कपाटात ठेवायच्या नाहीत, खेळायच्या. मोडल्या तर मोडल्या.

बूट ज्याच्या पायाला बसतील त्याला. भांडण झालं तर जो सगळ्यांत लहान त्याला, पाय वाढतील.

बक्षिसात मिळालेली मोटारसायकल टिफनीला. तिने तोंडाला ओढणी बांधणं सोडावं आणि हेल्मेट घालून सरळ कामावर जावं.

ढाली आणि कप एक टेम्पोभर आहेत. ते क्लबला. एक छोटा मार्थाने ठेवून घेतलाय, त्यात ती सुया-दोरे ठेवते, तो मागायचा नाही.

शेवटच्या सामन्यातला टी-शर्ट क्लबला फ्रेम करून लावायचा आहे, असं सुरज म्हणाला होता. त्याला प्रेमाने सांग, तो मिळणार नाही. तो मार्थाच्या उशीवर आहे.

ऋतिकाला वस्तू नकोत, तर तिला वस्तू नाही. मिस्सा संपली की घरची माणसं चर्चच्या दारात ओळीने उभी राहतात आणि आलेला प्रत्येक माणूस हात हातात घेऊन पुढे जातो. पहिली मार्था, तिच्या डाव्या बाजूला ऋतिका, मग टिफनी, मग मी. काळे कपडे नकोत. कुणाला काही सांगायचं नाही, कुणी विचारलं तर आमच्या घरची, एवढंच. यायचं की नाही ते तिने शनिवारपर्यंत ठरवावं, ती नाही आली तरी टिफनीला पुढे सरकू देणार नाही, असं मार्था म्हणते. माणसं फार येतील, हात दुखून जाईल. तिला म्हणावं, रुमाल स्वतःचा आण. मार्था आपला कुणाला देत नाही.

तुझी,
फ्लॉसी